घरगुती जलतरण तलाव : आधी विजेची बचत, मग सूर्याची ऊब

घराच्या आवारातील जलतरण तलाव ही एका पिढीपूर्वी मोजक्या धनिकांच्या बंगल्यांतच आढळणारी चैन होती. आज गोव्यात, विशेषतः बार्देश, तिसवाडी व सासष्टी या तालुक्यांत, नव्या बंगल्यांच्या परसात, जुन्या घरांचे रूपांतर करून उभारलेल्या अतिथिगृहांत आणि गृहसंकुलांत असे लहान तलाव सहज दृष्टीस पडतात. तलाव बांधताना त्याचा आकार, फरशीचा रंग, काठावरची झाडे यांचा बारकाईने विचार होतो. परंतु ज्या लहानशा खोलीत पंप आणि फिल्टर बसविलेले असतात, तिकडे घरमालक सहसा फिरकत नाही. ठेकेदाराने बसवून दिलेली यंत्रे त्यानेच लावून दिलेल्या वेळेप्रमाणे वर्षानुवर्षे चालत राहतात आणि दरमहा येणाऱ्या वीजबिलात त्यांचा वाटा किती, याची चौकशी कोणी करीत नाही.

हा प्रश्न केवळ तलावधारकाच्या खिशापुरता मर्यादित नाही. गोव्याला लागणारी वीज बहुतांशी राज्याबाहेरील केंद्रांतून, लांबच्या वाहिन्यांवरून येते. एप्रिल-मे महिन्यांत पंखे व वातानुकूलन यंत्रे यांमुळे विजेची मागणी वाढते आणि नेमक्या त्याच दिवसांत विहिरींचे पाणी तळाला जाते. अशा वेळी तलावावर अनावश्यक खर्च होणारी वीज आणि वाफ होऊन उडून जाणारे पाणी ही दोन्ही शेजाऱ्याच्या गरजेतून वजा होत असतात. तलाव बंद न करता, पोहण्याच्या आनंदात उणेपणा येऊ न देता हा खर्च बराच कमी करता येतो. तो कसा, आणि कोणत्या क्रमाने, हे येथे सांगावयाचे आहे. क्रमाला येथे विशेष महत्त्व आहे. पुष्कळ मंडळी उत्साहाने प्रथम सौर तापनाची उपकरणे विकत घेतात व मागाहून निराश होतात. त्याचे कारण बहुधा उपकरणात नसून चुकलेल्या क्रमात असते.

वीज नेमकी कोठे खर्च होते?

विवेचनाच्या सोयीसाठी एक नमुन्याचा तलाव घेऊ. लांबी ८ मीटर, रुंदी ४ मीटर आणि सरासरी खोली सव्वा मीटर. त्यात ४० घनमीटर, म्हणजे ४०,००० लिटर पाणी मावते आणि पाण्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ ३२ चौरस मीटर भरते. अशा तलावाला बहुधा दीड अश्वशक्तीचा, एकाच वेगाने चालणारा पंप बसविलेला असतो. मोटरमधील घट धरून तो सुमारे दीड किलोवॉट वीज ओढतो. रोज ८ तास चालल्यास दिवसाला १२ युनिट, महिन्याला ३६० युनिट आणि वर्षाला ४,३८० युनिट खर्च होतात. हिशेबासाठी दर युनिटला ६ रुपये धरले, तर वर्षाचा खर्च २६,००० रुपयांच्या वर जातो. वाचकांनी आपल्या बिलावरील दर घालून हाच हिशेब करून पाहावा.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, तलाव गरम केला जात नसतानाही एवढी वीज लागते. पाणी केवळ फिल्टरमधून फिरवून पुन्हा तलावात सोडण्यासाठी ती खर्च होते. म्हणून सुधारणेचा आरंभही पंपापासूनच व्हावयास हवा.

पहिली पायरी : घड्याळ

पाणी किती फिरवावे, याचा प्रथम विचार करू. आपल्या नमुन्यातील पंप ताशी सुमारे १६ घनमीटर पाणी फिरवितो असे धरल्यास ८ तासांत १२८ घनमीटर, म्हणजे तलावातील पाण्याच्या तिपटीहूनही अधिक पाणी फिल्टरमधून जाते. तथापि तिप्पट पाणी फिरविले म्हणजे स्वच्छताही तिप्पट होते, असे नाही. गाळलेले पाणी पुन्हा न गाळलेल्या पाण्यातच मिसळत असल्यामुळे एका पूर्ण फेऱ्यात तलावातील सुमारे ६३ टक्के पाणी गाळले जाते, दोन फेऱ्यांत ८६ टक्के आणि तीन फेऱ्यांत ९५ टक्के. पहिल्या फेऱ्याचा लाभ मोठा असतो व पुढील प्रत्येक फेऱ्याचा लाभ घटत जातो. एका कुटुंबाच्या वापरासाठी दिवसाला दोन फेरे सामान्यतः पुरेसे होतात. पाहुण्यांची वर्दळ असलेल्या अतिथिगृहात अथवा पावसाळ्यात, जेव्हा पालापाचोळा आणि माती तलावात येते तेव्हा, ते वाढवावे लागतील.

दोन फेऱ्यांसाठी आपल्या पंपाला ८ नव्हे, तर ५ तास पुरतात. म्हणजे केवळ टायमर बदलून लावल्याने दिवसाचा खर्च १२ युनिटवरून साडेसात युनिटवर येतो. यासाठी पैसा खर्चावा लागत नाही. मात्र ही वेळ एकाच दिवशी एकदम न तोडता दर आठवड्याला अर्धा तास कमी करावी आणि पाण्याकडे लक्ष ठेवावे. तळ स्पष्ट दिसत असेल, भिंतींवर शेवाळाचा बुळबुळीतपणा नसेल, पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ या मर्यादेत आणि मुक्त क्लोरिनचे प्रमाण लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम राहत असेल, तर घटविलेली वेळ योग्य आहे असे समजावे. पाणी गढूळ होऊ लागल्यास अर्धा तास पुन्हा वाढवावा.

पंप शक्यतो सायंकाळी ६ ते रात्री १० या वेळात चालवू नये, कारण त्या वेळी विजेवरील ताण अधिक असतो. वीज ग्राहक हक्क नियमांत २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने दिवसाच्या सौर तासांत कमी आणि मागणीच्या तासांत अधिक दर आकारण्याची पद्धत आणली आहे. स्मार्ट मीटर बसलेल्या ग्राहकांना हा फरक बिलातही जाणवेल.

दुसरी पायरी : पंपाचा वेग

विहिरीतून पाणी उपसणारा पंप आणि तलावाचा पंप यांच्या कामात मूलभूत भेद आहे. विहिरीचे पाणी वर चढवावे लागते. तलावाचे पाणी जेथून निघते त्याच पातळीवर परत येते; पंपाला फक्त पाइप, फिल्टर आणि व्हॉल्व्ह यांतील घर्षणावर मात करावयाची असते. हे घर्षण पाण्याच्या वेगाबरोबर झपाट्याने वाढते. पाण्याचा वेग दुप्पट केल्यास विरोध चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. उलटपक्षी, पंपाचा वेग निम्मा केला तर पाणी निम्मे येते, पण शक्ती मात्र आठव्या हिश्शाने लागते. तेवढेच पाणी फिरविण्यासाठी पंप दुप्पट वेळ चालविला, तरीही एकूण वीज चौथ्या हिश्शानेच खर्च होते. सावकाश आणि अधिक वेळ, हे तलावाच्या पंपाचे सूत्र आहे.

बदलत्या वेगाचे पंप याच तत्त्वावर काम करतात. त्यांत बहुधा कायमचुंबकी मोटर असते आणि वेग इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने कमीजास्त करता येतो. अमेरिकेत जुलै २०२१ पासून तलावाच्या पंपांना कार्यक्षमतेचे जे किमान मानक लागू झाले, त्याची पूर्तता मध्यम व मोठ्या आकारांत प्रायः असे पंपच करू शकतात. आपल्या नमुन्यातील तलावावर असा पंप निम्म्या वेगाने १० तास चालविला, तर ताशी ८ घनमीटर याप्रमाणे ८० घनमीटर, म्हणजे बरोबर दोन फेरे पाणी फिरेल. हिशेबाने त्याला १९० वॉटच्या आसपास शक्ती लागावी. यंत्रणेतील घट धरून आपण ३०० वॉट धरू. दिवसाचा खर्च ३ युनिट झाला. मूळच्या १२ युनिटांशी तुलना करता तीन चतुर्थांश वीज वाचली.

येथे प्रामाणिक हिशेब मांडणे अगत्याचे आहे. विक्रेते १२ युनिटांशी तुलना करून बचत दाखवितात. परंतु घड्याळ सुधारून आपण खर्च आधीच साडेसात युनिटवर आणलेला असल्यामुळे नव्या पंपाचा स्वतःचा लाभ दिवसाला साडेचार युनिटांचा, म्हणजे वर्षाला सुमारे १,६४० युनिटांचा आहे. ६ रुपये दराने ही बचत ९,८०० रुपयांच्या घरात जाते. पंप ६०,००० रुपयांना पडला असे धरल्यास किंमत वसूल होण्यास सहा वर्षे लागतील. तेव्हा धडधाकट चालणारा पंप घाईने काढून टाकण्याचे कारण नाही. मात्र जुन्या पंपाची मोटर जळाली, बेअरिंग वाजू लागले वा सील गळू लागले, की तीच मोटर पुन्हा गुंडाळून आणण्याऐवजी बदलत्या वेगाचा पंप घ्यावा. ज्या अतिथिगृहात पंप दिवसाचे बारा-चौदा तास चालतो, तेथे हा बदल आजच करणे फायद्याचे ठरते.

एक सूचना तंत्रज्ञांसाठी. जुना पंप थ्री फेजवर चालणारा असेल तर त्याच मोटरला वेग बदलणारे उपकरण, ज्याला इलेक्ट्रिशियन व्हीएफडी म्हणतात, जोडता येते. कपॅसिटरवर चालणाऱ्या साध्या सिंगल फेज मोटरला ते जोडू नये. मोटर तापून बिघडते. तसेच संपूर्ण वेळ अगदी मंद वेग ठेवल्यास पृष्ठभागावरील पाने स्किमरकडे ओढली जात नाहीत. यास्तव दिवसातून एक-दोन तास वेग वाढवावा आणि वाळूचा फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना पूर्ण वेग द्यावा.

फिल्टर, पाइप आणि दिवे

घर्षण जितके कमी, तितका पंपावरील भार कमी. फिल्टर स्वच्छ असताना दाबमापकाचा काटा कोठे असतो, त्याची खूण करून ठेवावी. त्यापेक्षा दाब दर चौरस सेंटिमीटरला अर्धा ते पाऊण किलोने वाढला, म्हणजेच फिल्टर धुवावा. ठराविक वारी सवयीने धुतल्यास शेकडो लिटर पाणी व्यर्थ जाते. पंपाच्या तोंडाशी असलेली केसकचऱ्याची जाळी मात्र आठवड्यातून एकदा तरी रिकामी करावी.

दुरुस्तीच्या निमित्ताने पाइप उघडले गेलेच, तर ५० मिलिमीटरच्या जागी ६३ मिलिमीटरचे पाइप टाकावेत. तेवढ्याच पाण्याला पाइपमधील विरोध सुमारे एक तृतीयांशावर येतो. काटकोनी वळणे टाळून लांब वळणाचे जोड वापरणे इष्ट. पाण्याखालील जुना ३०० वॉटचा दिवा असल्यास त्या जागी ३० ते ४० वॉटचा एलईडी दिवा पुरेसा उजेड देतो.

तिसरी पायरी : आच्छादन

आता ऊबेकडे वळू. गोव्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते. झाडांच्या अथवा घराच्या सावलीतील तलाव या दिवसांत इतका गार पडतो की लहान मुले आणि वृद्ध माणसे पाण्यात उतरत नाहीत. तेव्हा पाणी तापविण्याचा विचार मनात येतो. परंतु पाण्यात उष्णता घालण्यापूर्वी ती जाते कोठे, हे पाहिले पाहिजे.

उघड्या तलावातील उष्णतेचा सर्वांत मोठा भाग बाष्पीभवनाने जातो. कोरड्या हवेच्या दिवसांत पृष्ठभागावरून रोज ५ मिलिमीटर पाणी उडते असे धरू. ३२ चौरस मीटरच्या तलावातून हे पाणी १६० लिटर होते, म्हणजे महिन्याला ४,८०० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर जवळजवळ अर्धा टँकर. एवढे पाणी वाफ होताना सुमारे १०८ युनिट उष्णता बरोबर घेऊन जाते. आपल्या तलावाचे पाणी एक अंशाने तापविण्यास सुमारे साडेशेहेचाळीस युनिट लागतात. म्हणजे बाष्पीभवनाने रोज सव्वादोन अंशांहून अधिक ऊब हवेत निघून जाते. दिवसाचे ऊन ती बऱ्याच अंशी भरून काढते, म्हणूनच तलाव गोठत नाही; पण रात्रभर उघडा राहिलेला तलाव सकाळी गार लागतो, त्याचे कारण हेच.

यावर उपाय साधा आहे. बुडबुडे असलेल्या प्लॅस्टिकचे तरंगते आच्छादन सायंकाळी तलावावर पसरावे आणि सकाळी पोहण्यापूर्वी काढावे. ते पाण्याला चिकटून राहत असल्यामुळे बाष्पीभवन जवळजवळ थांबते. ऊब टिकते, पाणी वाचते, क्लोरिन कमी लागते आणि पाने पडत नाहीत. गोव्यातील पुष्कळ तलावांना हिवाळ्यात एवढाच उपाय पुरतो. तापनयंत्राची गरजच उरत नाही. आच्छादन हाताने ओढणे जड जाते आणि मग ते कोपऱ्यात पडून राहते, हा सर्वत्रचा अनुभव आहे. म्हणून त्यासोबत गुंडाळण्याचा रूळ अवश्य घ्यावा.

ऋतुमानाप्रमाणे आच्छादनाचा उपयोग बदलतो. एप्रिल-मेमध्ये पारदर्शक आच्छादन दिवसा ठेवल्यास पाणी नको इतके तापते, शेवाळ वाढते आणि क्लोरिन लवकर संपते. त्या दिवसांत पाणी वाचवावयाचे असेल तर फिकट रंगाचे, प्रकाश आत न जाऊ देणारे आच्छादन घ्यावे. पावसाळ्यात आच्छादनावर पाणी साचून ते धोकादायक होते. जून ते सप्टेंबर ते काढून सावलीत ठेवावे.

चौथी पायरी : सूर्याची ऊब

तलावाचा सर्वांत मोठा सौर संग्राहक म्हणजे तलाव स्वतःच. आपल्याकडे स्वच्छ दिवशी दर चौरस मीटरवर सुमारे ५ युनिट सौर ऊर्जा पडते. म्हणजे ३२ चौरस मीटरच्या उघड्या पृष्ठभागावर १६० युनिट. यातील बहुतेक भाग पाणी शोषून घेते. तेव्हा दक्षिणेकडील एखादी फांदी छाटून तलावावर दुपारचे ऊन मोकळे येऊ देणे, हा सर्वांत स्वस्त सौर तापक होय. फांदी छाटणे वेगळे आणि झाड तोडणे वेगळे. झाड तोडावयाचे झाल्यास १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, हे विसरू नये.

एवढ्यानेही ऊब पुरत नसेल, तरच संग्राहक बसवावेत. स्नानाच्या पाण्यासाठी छतावर बसवितात ते काचेचे सौर बंब येथे उपयोगी नाहीत. त्यांची रचना थोडे पाणी ६० अंशांपर्यंत तापविण्यासाठी असते. तलावाला मात्र पुष्कळ पाणी २८-२९ अंशांपर्यंतच न्यावयाचे असते. शिवाय सामू बिघडल्यास क्लोरिनयुक्त पाणी तांब्याच्या नळ्या खाते. तलावासाठी काचेविना, काळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या बारीक नळ्यांचे पट्टे मिळतात. ते स्वस्त व हलके असतात आणि पाण्याचे व हवेचे तापमान जवळजवळ सारखे असताना त्यांची कार्यक्षमता चांगली राहते. उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होऊ नये म्हणून अतिनील किरणांना रोधक द्रव्य मिसळलेले पट्टेच घ्यावेत.

संग्राहकांचे क्षेत्रफळ तलावाच्या पृष्ठभागाच्या निम्मे ते तेवढेच असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. गोव्याच्या हवेत आच्छादन वापरणाऱ्यास निम्मे पुरते. १६ चौरस मीटरवर रोज ८० युनिट ऊर्जा पडेल आणि त्यातील निम्मी पकडली गेली तरी ४० युनिट, म्हणजे सुमारे ०.९ अंश ऊब रोज मिळेल. आता हे ४० युनिट उघड्या तलावातून जाणाऱ्या १०८ युनिटांशेजारी ठेवून पाहावेत. आच्छादनाविना संग्राहक बसविणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय. आच्छादन असल्यास मात्र रोजची ही भर साचत जाते आणि काही दिवसांत तीन-चार अंशांचा फरक पडू शकतो. हीच चार अंशांची वाढ विजेच्या कॉइलने करावयाची म्हटली, तर एकदाच १८६ युनिट जाळावे लागतील.

पट्टे दक्षिणेकडे तोंड करून बसवावेत. गोवा सुमारे साडेपंधरा अक्षांशावर आहे. हिवाळ्यातील सूर्य खाली असल्यामुळे २५ ते ३० अंशांचा उतार योग्य होतो. मंगळुरी कौलांच्या छपरावर कौलांना भोके पाडू नयेत. खालच्या वाशांना धरणाऱ्या चौकटीवर पट्टे बांधावेत. पावसाळ्यातील वादळी वारा ध्यानात घेऊन ही बांधणी करावी.

संग्राहकातून परत येणारे पाणी हाताला जेमतेम कोमट लागते आणि त्यामुळे 'यंत्र काम करीत नाही' अशी तक्रार होते. वस्तुतः ते तसेच असावयास हवे. दर चौरस मीटरमागे मिनिटाला सुमारे ४ लिटर पाणी वाहत असेल, तर भर उन्हात ते दोन-तीन अंशांनीच तापून परतते. प्रवाह कमी करून पाणी कढत केले, तर संग्राहकच तापून आपली उष्णता वाऱ्याला देतो आणि तलावाला मिळणारी ऊब घटते.

पंप आणि संग्राहक यांचा मेळ येथेच घालावा लागतो. वेग निम्मा केल्यावर पंपाची पाणी चढविण्याची क्षमता चौथ्या हिश्शावर येते. पूर्ण वेगाने १२ मीटर चढविणारा पंप निम्म्या वेगाने ३ मीटरच चढवील आणि ५ मीटर उंचीच्या छतापर्यंत पाणी पोहोचणारच नाही. वेग तीन चतुर्थांश ठेवल्यास ही क्षमता पावणेसात मीटर होते आणि शक्ती पूर्ण वेगाच्या सुमारे ४२ टक्के लागते. म्हणून उन्हाच्या ४ तासांत तीन चतुर्थांश वेग आणि इतर ५ तास निम्मा वेग, अशी वेळ लावावी. दिवसाचा खर्च सुमारे ४ युनिट होईल आणि दोन फेरेही पूर्ण होतील. छतावरील व तलावातील तापमानांची तुलना करून व्हॉल्व्ह उघडणारा नियंत्रक बसविला, तर ढगाळ दिवशी पाणी व्यर्थ वर जात नाही. उन्हाळ्यात पाणी फार तापल्यास हेच पट्टे रात्री चालवून तलाव थोडा थंडही करता येतो.

संग्राहक की छतावरील सौर वीज?

गोव्यात तापनाची खरी गरज वर्षातून दोन-तीन महिनेच भासते. उरलेल्या काळात संग्राहक निष्क्रिय राहतात. छतावरील सौर वीजसंच मात्र बारा महिने घरातील सर्व उपकरणांना उपयोगी पडतो. छतावरील जागा मर्यादित असेल तर घरमालकाने तिचा उपयोग बहुधा सौर विजेसाठी करावा. निवासी घरांसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट व त्याहून मोठ्या संचास कमाल ७८,००० रुपये केंद्रीय साहाय्य ठरविण्यात आले. योजनेच्या चालू अटी अर्ज करण्यापूर्वी वीज खात्याच्या कार्यालयात विचारून घ्याव्यात. व्यावसायिक अतिथिगृहांना निवासी साहाय्य मिळत नाही.

येथेही क्रमच निर्णायक आहे. ३ किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी १२ युनिट देतो. आपला जुना पंपही दिवसाला १२ युनिटच खात होता. म्हणजे पंप न सुधारता संच बसविला असता, तर छतावरचे सगळे ऊन त्या एका पंपाने गिळले असते. सुधारणेनंतर पंपाला ३-४ युनिट पुरतात आणि ८ युनिट घराला उरतात. ज्यांना हिवाळ्यात हमखास ऊब हवी, त्यांनी साध्या कॉइलऐवजी हीट पंप पाहावा. तो हवेतील उष्णता ओढून पाण्यात सोडतो. आपल्या उष्ण व दमट हवेत एका युनिट विजेमागे पाच युनिटांच्या आसपास उष्णता देऊ शकतो. वर सांगितलेली चार अंशांची वाढ त्याने १८६ ऐवजी सुमारे ३७ युनिटांत होईल.

घाटापलीकडील वाचकांसाठी

बेळगाव, हैदराबाद, वडोदरा, इंदूर व ग्वाल्हेर येथील वाचकांना हेच हिशेब लागू पडतात, मात्र हिवाळा वेगळा धरावा लागेल. जानेवारीत इंदूरचे रात्रीचे सरासरी तापमान १० अंशांच्या, तर ग्वाल्हेरचे ७ अंशांच्या आसपास असते. तेथे तलावाच्या क्षेत्रफळाच्या निम्मे संग्राहक पुरणार नाहीत. आणि ऐन थंडीत तलाव तापविण्यापेक्षा तो झाकून ठेवणेच शहाणपणाचे. पोहण्याचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत आणि फेब्रुवारी-मार्चपासून वाढविणे, एवढेच उद्दिष्ट ठेवल्यास संग्राहकांचा खर्च सार्थकी लागतो. उत्तरेकडील अक्षांशामुळे पट्ट्यांचा उतारही त्या मानाने वाढवावा आणि कडाक्याच्या थंडीत रात्री त्यांतील पाणी खाली उतरू द्यावे.

सुरक्षिततेच्या बाबी

बचतीच्या भरात सुरक्षिततेकडे दुर्लक्ष होता कामा नये. पंप आणि दिव्यांच्या वाहिनीवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी असलाच पाहिजे आणि त्याचे चाचणीचे बटण दरमहा दाबून पाहावे. पाण्याखालील दिवा १२ व्होल्टचाच असावा. अर्थिंगची तपासणी पावसाळ्यापूर्वी परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घ्यावी. पोहताना आच्छादन अर्धवट बाजूला सारू नये, पूर्ण काढावे. त्याखाली अडकलेले मूल वरून दिसत नाही. तरंगते आच्छादन म्हणजे कुंपण नव्हे, त्यावर कोणी पाऊल टाकल्यास ते माणसाला पेलत नाही. तळाच्या निचऱ्याची जाळी फुटलेली असल्यास ती बदलेपर्यंत तलाव वापरू नये.

समारोप

सारांश, प्रथम घड्याळ सुधारावे. त्याला पैसा लागत नाही. मग आच्छादन आणावे. त्याने पाणी व ऊब दोन्ही राखली जातात. जुना पंप थकला म्हणजे बदलत्या वेगाचा पंप घ्यावा. त्यानंतरच छतावर काय बसवावे, याचा निर्णय करावा; तोपर्यंत आपली गरज इतकी लहान झालेली असेल की लहान उपकरणही पुरेल. आरंभ आजच करता येण्यासारखा आहे. पंपाच्या खोलीत जाऊन मोटरवरील पाटी वाचावी, टायमरवरील तास मोजावेत आणि दोहोंचा गुणाकार करून तो आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. पुढील वर्षी याच दिवशी दुसरा आकडा त्याच्याखाली लिहावा. दोहोंतील अंतर ही आपली बचत, आणि मे महिन्यात शेजारच्या घराला मिळणारी वीजही तीच.